आरडाओरडा की गायन ?

मागल्या पिढीच्या कानांस पुढल्या पिढीचे गाणे गोंगाट वाटावे, ही काही आजची गोष्ट नव्हे. ज्या चित्रपटगीतांनी आज आपल्या घरातील आजी-आजोबांचे डोळे पाणावतात, ती गीते १९५२ च्या सुमारास आकाशवाणीने हलक्या अभिरुचीची म्हणून जवळजवळ बंद केली होती. आणि पुढे १९५७ साली 'विविध भारती' सुरू करून त्यांस पुन्हा दार उघडले. यावरून नवे ते सारे चांगले, असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, प्रथम ऐकताच दिलेला निकाल हा पुष्कळदा कानाच्या सवयीचा निकाल असतो. विवेकाचा निकाल यावयास थोडा अवकाश द्यावा लागतो.

हा विषय येथे काढण्यास कारण घडले आहे. आमच्या वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांनी येत्या स्नेहसंमेलनात एक वाद्यवृंद उभा करण्याची परवानगी मागितली आहे. वृंद चांगला मोठा आहे : तीन गिटार, ढोलांचा संच, एक व्हायोलिन, आणि गाणारे तिघे-चौघे. गाण्याचा प्रकार मात्र असा की, त्यात गाणारा गात नाही. तो किंकाळी फोडतो, हंबरडा फोडतो, घसा खरवडून शब्द फेकतो. या प्रकारास 'स्क्रीमो' असे नाव असून तो 'हार्डकोअर' नावाच्या दांडग्या संगीताची एक शाखा आहे. शिक्षकवर्गात या मागणीविषयी दोन तट पडले आहेत, आणि पालकांपैकी कित्येकांनी "शाळेत हे कशाला ?" असा प्रश्न केला आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तरही विचारपूर्वक दिले पाहिजे. आमचे मत असे की, परवानगी द्यावी. परंतु काही अटींवर द्यावी. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम हा प्रकार आला कोठून ते पाहू. अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरात १९८० च्या सुमारास नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या काही मुलांनी 'मायनर थ्रेट' नावाचा वृंद काढला. मोठ्या कंपन्या त्यांस विचारीत नव्हत्या, म्हणून त्या मंडळींनी 'डिस्कॉर्ड' नावाची आपली स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था चालविली. त्या काळी गाण्याचे कार्यक्रम मद्यालयांत होत. अल्पवयीन मुलास दारू दिली जाऊ नये म्हणून त्याच्या हातावर शाईने फुलीची खूण करीत. पुढे याच मुलांनी ती फुली अभिमानाने मिरविली : आम्ही दारू पीत नाही, तंबाखू ओढीत नाही, अशी ती खूण ठरली. याच वृंदाच्या १९८१ सालच्या एका गीताच्या नावावरून या निर्व्यसनी पंथास 'स्ट्रेट एज' असे नाव पडले. गलिच्छ केसांचे, कर्कश आवाजाचे हे तरुण व्यसनांविरुद्ध ओरडत होते, ही गोष्ट आमच्या पालकवर्गाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

पुढे १९८४ च्या सुमारास त्याच शहरातील 'राइट्स ऑफ स्प्रिंग' या वृंदाने सरकारवरील वा समाजावरील रागाऐवजी स्वतःच्या मनातील दुःख त्याच दांडग्या आवाजात मांडले. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरी त्या दुःखाची किंकाळी झाली, आणि तीच पुढे 'स्क्रीमो' या नावाने ओळखली जाऊ लागली. १९९२ साली टोकियोत 'एन्व्ही' हा वृंद निघाला व त्याने हाच प्रकार जपानी भाषेत आणला. कॅनडातील टोरोंटोच्या 'रेस्पायर' या वृंदाने त्यात व्हायोलिन व तुतारीसारखी वाद्ये मिसळून त्यास जवळजवळ वाद्यमेळाचे रूप दिले. गीत कधी मिनिटभरात संपते, कधी मंद सुरावटीने हळूहळू चढत जाते आणि शेवटी एकदम कोसळते. एवढ्यावरून दिसेल की, या प्रकारात चढ-उतार आहे, विसावा आहे, रचना आहे. ज्यास केवळ आदळआपट ऐकू येते त्याने ते शेवटपर्यंत ऐकलेले नसते.

आता गळ्याविषयी. "मुले घसा फाडून घेतील" ही भीती आमच्या संगीत-शिक्षकांनी बोलून दाखविली, आणि ती खोटी नाही. आपल्या कंठात स्वरतंतूंची एक जोडी असते, तिच्या कंपनाने आपला नेहमीचा आवाज निघतो. तिच्या किंचित वर मऊ घड्यांची दुसरी एक जोडी असते. तिला मिथ्या स्वरतंतू म्हणतात. जाणता गायक श्वास पोटाच्या बळावर आवरून धरतो, खऱ्या तंतूंवर ताण पडू देत नाही, आणि या वरच्या घड्यांस कंप देऊन तो खरखरीत, गुरगुरणारा स्वर काढतो. सैबेरियाच्या दक्षिणेकडील तुवा प्रदेशातील कंठगायक आपला खर्जाहूनही खालचा स्वर याच घड्यांच्या साहाय्याने काढतात. न्यूयॉर्कमधील मेलिसा क्रॉस या शिक्षिकेने तर या विद्येचे धडे २००५ साली चित्रफितीवर प्रसिद्ध केले आहेत. तात्पर्य, ही विद्या शिकावी लागते. जो न शिकता नुसता ओरडतो, त्याच्या स्वरतंतूंवर गाठी येतात व आवाज बसतो. मेहनत, श्वासावरील ताबा, पाणी पिणे, घसा दुखू लागताच थांबणे, हे नियम आमच्या भजनी मंडळास जितके लागू तितकेच या वृंदास.

परंतु या संगीताचा खरा प्राण ध्वनिमुद्रणात नाही, तो प्रत्यक्ष कार्यक्रमात आहे. तेथे व्यासपीठ बहुधा बुटके असते, कधी मुळीच नसते. गाणारा व ऐकणारा यांत हाताचेही अंतर राहत नाही. गीताचा कळसाचा चरण आला की गायक ध्वनिक्षेपक श्रोत्यांपुढे करतो आणि शेकडो कंठ तो चरण एकदम उचलतात. मध्ये मोकळी जागा ठेवून तरुण तीत बेभान नाचतात, एकमेकांवर आदळतात. आणि त्यांच्यात एक अलिखित नियम असा की, कोणी पडला तर आजूबाजूच्यांनी त्यास तत्काळ उचलून उभे करावयाचे. वॉशिंग्टनच्या 'फुगाझी' या वृंदाची ख्याती अशी की, तिकीट पाचच डॉलर ठेवावयाचे, आणि गर्दीत कोणी धसमुसळेपणा करू लागला तर गाणे मध्येच थांबवून त्यास समज द्यावयाची, न ऐकल्यास तिकिटाचे पैसे परत देऊन बाहेर पाठवावयाचे. ज्या शिस्तीसाठी आम्ही शिक्षक छडी शोधीत असू, ती येथे गाणाऱ्यांनीच सांभाळली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हे वर्णन वाचून आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस काही आठवले काय ? आम्हांस तर प्रथम शाहिराचा पोवाडा आठवतो. शाहीर डफावर थाप मारून चरण उंच टाकतो, आणि त्याच्या मागे उभे असलेले झीलकरी टिपेच्या सुरात झील धरतात. झीलकऱ्यांवाचून पोवाडा म्हणजे नुसते एकट्याचे ओरडणे होईल. येथे फरक एवढाच की, झील धरण्याचे काम साऱ्या श्रोत्यांकडे आले आहे. आणि तेही आपल्या विदर्भास नवीन नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगे महाराजांच्या कीर्तनात श्रोता मुकाट बसूच शकत नसे; महाराज प्रश्न विचारीत आणि हजारोंचा समुदाय एका आवाजाने उत्तर देई. त्याच जिल्ह्यातील तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या ठेक्यावर गावेच्या गावे डोलली. ज्यांचे नाव आज आपल्या नागपूर विद्यापीठास दिलेले आहे, तेच हे महाराज. ही दोन्ही माणसे संथ, नाजूक गाण्यासाठी प्रसिद्ध नव्हती. लोकांच्या अंगात शक्ती उतरविणे हे त्यांच्या वाणीचे काम होते.

याहूनही जवळचे उदाहरण आमच्या शहरातच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यास, नागपुरात काळी व पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. १८८० नंतरच्या दशकापासून चालत आलेली ही प्रथा. अक्राळविक्राळ पुतळे, ढोलांचा गजर, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत त्या त्या वर्षीच्या दुःखांचे 'बडगे', आणि रोगराई, इडापिडा सारे घेऊन जा म्हणून मारबतीस उद्देशून लाखो कंठांतून उठलेली आरोळी. त्या आरोळीत गोडवा नाही, आणि तो कोणी शोधीतही नाही. वर्षभर मनात साचलेले एक दिवस सर्वांनी मिळून ओरडून बाहेर टाकावयाचे, मग पुतळे जाळून घरी जावयाचे, असा तो शहाणा रिवाज आहे. ज्या गावाने हा रिवाज सव्वाशेहून अधिक वर्षे जतन केला, त्या गावाने आपल्या मुलांचा आक्रोश ऐकून दचकावे हे आम्हांस नवल वाटते. दुःखाच्या हाकेस धर्मानेही दार लावलेले नाही. दाविदाच्या स्तोत्रांत खोल संकटातून देवास मारलेल्या हाका आहेत, आणि तुकोबांच्या अभंगांत विठ्ठलाशी मांडलेले भांडण आहे.

कोणी म्हणेल, आमच्या मुलांस असे कोणते दुःख आहे ? वेळेवर अन्न मिळते, वस्त्र मिळते, शिकवणी मिळते. पालकहो, येथे थोडे थांबून विचार करावा. बेसा हे काही वर्षांपूर्वीपर्यंत नागपूरच्या दक्षिणेकडील, शेतांनी वेढलेले खेडे होते. मुलगा रागावला तर बांधावर जाऊन मोठ्याने हाक मारी, विहिरीत उड्या टाकी, झाडावर चढून बसे. आज त्याच शेतांवर बहुमजली इमारती उभ्या आहेत. भिंतीच्या पलीकडे शेजारी, खाली शेजारी, वर शेजारी. मोठ्याने हसले तरी तक्रार येते. दहावीचे गुण, बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षा, बरोबरीच्यांशी तुलना, मित्राशी तुटलेले बोलणे, घरातील अबोला, या सर्वांचे ओझे घेऊन मुलगा खोलीचे दार लावून घेतो, कानांत ध्वनियंत्राच्या गोळ्या घालतो, आणि दूरदेशीचा कोणी अनोळखी तरुण त्याच्या वतीने ओरडत असतो ते तो एकटा ऐकत बसतो. आम्हांस भय वाटते ते त्या ओरडण्याचे नव्हे, त्या एकटेपणाचे. तोच मुलगा जेव्हा आठ सोबत्यांबरोबर उभा राहून, ताल सांभाळून, आपल्या पाळीची वाट पाहून तोच आवाज काढू पाहतो, तेव्हा तो खोलीतून बाहेर आला आहे. अशा वेळी त्यास परत खोलीत पाठविणे शहाणपणाचे होईल काय ?

महाराष्ट्रात हा प्रकार अगदीच उपरा आहे, असेही नाही. मुंबईत १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला आणि धोबी तलावाजवळील रंगभवनाच्या खुल्या प्रेक्षागृहात तरुणांनी वर्षानुवर्षे गर्दी केली. पुढे रुग्णालय व विद्यालये यांच्या शेजारामुळे तो परिसर शांतता-क्षेत्रात मोडला आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथील असे कार्यक्रम बंद पडले. परंतु गाणारे थांबले नाहीत. 'भयानक मौत' हा वृंद दोन दोन आक्रोश-गायक घेऊन उभा राहिला. २००५ च्या सुमारास निघालेल्या 'स्क्राइब' या मुंबईच्या हार्डकोअर वृंदाने तर या भेसूर संगीतात विनोद आणला. 'हेल मोगॅम्बो' असे त्यांच्या २०१४ सालच्या ध्वनिसंग्रहाचे नाव. आणि पावभाजीवरील प्रेम जाहीर करणारे त्यांचे एक गीत आहे, हे ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस हसू येईल. दिल्लीच्या 'ब्लडीवूड' या वृंदाने गिटारींच्या जोडीस ढोल घेतला आणि २०१९ साली जर्मनीतील वाकेनच्या प्रसिद्ध महोत्सवात हजारो परकीयांस त्यावर नाचविले. परक्याकडून वस्तू घेऊन तिच्यावर आपली मोहोर उठविणे, यात कमीपणा नाही. आपल्या मराठी नाटकांत ऑर्गन कोठून आला होता ?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला व सर्वांत खरा आक्षेप कानांचा. ध्वनीची मर्यादा हा लहरीचा प्रश्न नाही, त्याचे गणित आहे. अमेरिकेतील 'नियोश' या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबलचा आवाज दिवसास आठ तासांपर्यंत सोसवतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली करमणुकीच्या ठिकाणांसाठी जे मानक ठरविले, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे सांगितले आहे. कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हे गणित नाचगाण्यास लागू आहे, मिरवणुकीतील ध्वनिभिंतींस लागू आहे, आणि खोलीत बसून कानांत घातलेल्या गोळ्यांस तर अधिकच लागू आहे. कारण तेथे आवाज किती झाला हे आईवडिलांस कळतही नाही.

दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्या भोवतालचा निदान शंभर मीटरचा प्रदेश शांतता-क्षेत्र म्हणून राखता येतो. या बाबतीत समाजाचेही अद्याप एकमत झालेले नाही. २०२४ साली हरित न्यायाधिकरणाने पुण्यातील ढोल-ताशा पथकांवर तीस वादकांची मर्यादा घातली आणि थोड्याच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तीस स्थगिती दिली, हे पुष्कळांस स्मरत असेल. परंतु कायद्याचा वाद काहीही असो, शेजारी आजारी माणूस निजला असता आपल्या आनंदासाठी त्याची झोप मोडू नये, एवढे समजण्यास न्यायालयाची गरज नाही.

तिसरा आक्षेप शब्दांचा. या गीतांत निराशा फार असते, आणि काही वृंदांची भाषा शाळेत उच्चारण्याजोगी नसते, हे आम्ही मान्य करतो. यास उपाय सोपा आहे : परक्यांची गीते न घेता मुलांनी स्वतःची लिहावी, आणि मराठीत लिहावी. टोकियोच्या तरुणांस जपानीत आक्रोश करता आला, मग आमची भाषा कोठे दुबळी पडते ? जिच्यात ठणका, ढसाढसा, तडफड, तळमळ, घळघळ असे शब्द घरोघर बोलले जातात, ती भाषा या कामासाठीच घडली आहे असे कोणासही वाटेल. स्वतःच्या भाषेत लिहू लागले की उसने दुःख आपोआप गळून पडते. जे खरे सोसले असेल तेच कागदावर उतरते.

म्हणून आमच्या अटी अशा. गीतांचे शब्द आधी लिहून मराठीच्या शिक्षकांस दाखवावे. कार्यक्रम बंद सभागृहात, दिवसा, वीस मिनिटांचा असावा. ध्वनिमापक यंत्र सभागृहात ठेवून ते विज्ञान-मंडळाच्या विद्यार्थ्यांनी पाहावे, आणि काटा ९४ च्या पुढे सरकू लागताच आवाज कमी करावा. लहान वर्गांतील मुलांस मागे बसवावे, व पुढे बसणाऱ्यांस कानांत घालावयाचे बोळे द्यावे. ढकलाढकली होताच गाणे थांबवावे; थांबविण्याचा अधिकार गाणाऱ्यांचाच असावा, म्हणजे जबाबदारीही त्यांचीच राहील. आणि तालमीस संगीत-शिक्षकांनी उपस्थित राहावे, निदान घसा कोणाचा बसला एवढे पाहण्यासाठी तरी.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे की, मोठा आवाज काढणे सोपे आहे, तो एकत्र काढणे कठीण आहे. नऊ जणांनी एकाच क्षणी थांबणे हे नऊ जणांनी एकाच क्षणी सुरू करण्याहून कठीण. ती शांतता तुम्हांस साधली तर तुमचा आक्रोशही लोक ऐकतील. तुमच्यापैकी जे या वृंदात नाहीत व ज्यांस हे संगीत मुळीच रुचत नाही, त्यांनी हिणवू नये. सोबत्याचे दुःख आपल्या आवडीच्या चालीत नाही म्हणून ते खोटे ठरत नाही.

आणि पालकहो, तुम्हांस विनंती ही की, कार्यक्रमापूर्वी तुमच्या पाल्याने लिहिलेले शब्द एकदा मागून घेऊन वाचावे. उपदेश करण्याची घाई करू नये, हसू नये. घरात जे तो सांगू शकला नाही, ते कदाचित त्या कागदावर असेल. तेथे फार काळोख दिसला तर त्याच्याजवळ बसावे, आणि गरज वाटल्यास आम्हा शिक्षकांस येऊन भेटावे. तो कागद गाण्याचा समजून बाजूस ठेवू नये. तो तुम्हांस आलेल्या पत्रासारखा वाचावा. मग संमेलनाच्या दिवशी सभागृहात यावे. गाणे आवडलेच पाहिजे असा आग्रह नाही. कानांत बोळे घालूनही बसता येईल. परंतु तुमचा मुलगा जेव्हा ध्वनिक्षेपक श्रोत्यांपुढे धरील, तेव्हा समोरच्या खुर्च्या रिकाम्या असू नयेत.